कायदा एक, इंच वेगवेगळे

खंडेनवमीला आमच्याकडे देवघरासमोर पाट मांडतात आणि घरातली सगळी हत्यारं त्यावर ओळीने ठेवतात. आता हत्यारं म्हणजे काय, तर पणजोबांची तलवार, विळी, बागेतली कुदळ, वडिलांची पक्कड आणि पेचकस, माझं शाईचं पेन आणि अलीकडे मुलीचा लॅपटॉप. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या जुन्या मराठी घरांत अशी एखादी तलवार निघतेच. आमच्या तलवारीच्या म्यानाचं मखमल उंदरांनी कधीच खाल्लंय, पण पातं शाबूत आहे.

गेल्या वर्षी पुण्याचा पुतण्या सणाला आला होता. तलवारीला गंध लावता लावता त्याने विचारलं, "काका, हिचं लायसन्स आहे का? आमच्याकडे एका पोराने वाढदिवसाला तलवारीने केक कापला, तर पोलिसांनी उचलून नेला त्याला."

मी ग्वाल्हेरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. 'पच्चीस आर्म्स'ची, म्हणजे शस्त्र कायद्याच्या कलम २५ची प्रकरणं आमच्याकडे भाजीसारखी येतात. तरी त्याला एका वाक्यात उत्तर देता येईना. "तू कुठे उभा राहून विचारतोयस ते आधी सांग," एवढंच म्हणालो. त्याला वाटलं मी टाळतोय. टाळत नव्हतो.

बऱ्याच जणांची समजूत अशी असते की दारूसारखंच हत्यारांचंही असणार. गुजरातेत दारूबंदी, इकडे दुकानं उघडी, कारण दारू हा राज्याचा विषय. हत्यारांचं तसं नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीतली पाचवी नोंदच शस्त्रं, बंदुका, दारूगोळा आणि स्फोटकं यांची आहे. त्यावर कायदा करायचा अधिकार संसदेचा, आणि तो कायदाही एकच, १९५९चा शस्त्र अधिनियम. त्याखालचे नियम आधी १९६२चे होते, आता २०१६चे आहेत. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पुस्तक एकच. मात्र पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांच्या यादीत. म्हणजे पुस्तक दिल्लीचं आणि ते उघडून वाचणारा हवालदार राज्याचा. शिवाय पुस्तकातच काही पानं मुद्दाम कोरी ठेवलीत, ती ज्याने त्याने आपल्या गावात भरायची. सगळा घोळ त्या कोऱ्या पानांवर आहे.

सगळ्यात गमतीचं पान कलम ४चं. सूट मिळालेले अपवाद सोडले तर बंदुकीला कलम ३ प्रमाणे देशभर परवाना लागतो. तिथे वाद नाही. पण तलवार, सुरा, भाला, गुप्ती अशा धारदार हत्यारांना आपोआप परवाना लागत नाही. कलम ४ म्हणतं की एखाद्या भागातली परिस्थिती पाहून लोकहितासाठी गरज वाटली, तर सरकारने राजपत्रात अधिसूचना काढावी, आणि मग त्या भागापुरती त्या प्रकारची हत्यारं विनापरवाना बाळगता येणार नाहीत. हा अधिकार केंद्राचा, पण कलम ४३ खाली तो राज्यांकडे सोपवता येतो. त्यामुळे कुठलं हत्यार, किती लांब, कुठे नेलं तर गुन्हा, हे राज्याराज्यात वेगळं ठरलं.

मध्य प्रदेशची अधिसूचना २२ नोव्हेंबर १९७४ची आहे. सार्वजनिक ठिकाणी सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार चालणार नाही, आणि खटक्याचा चाकू तर कुठल्याही मापाचा चालणार नाही. दिल्लीत १९८० साली जी अधिसूचना निघाली ती बटणाच्या, गरारीच्या, म्हणजे यांत्रिक युक्तीने उघडणाऱ्या चाकूंबद्दल आहे, आणि तिच्यात पात्याचं माप ७.६२ सेंटीमीटर लांबी आणि १.७२ सेंटीमीटर रुंदी किंवा त्याहून जास्त असं दिलंय. ७.६२ सेंटीमीटर म्हणजे नेमके तीन इंच. आता दोन इंची पात्याचा खटक्याचा चाकू खिशात घालून ग्वाल्हेर स्टेशनवर उभे राहा. इथे लहान पात्याने सुटका नाही, कारण इथे त्याला मापच नाही. तोच चाकू घेऊन शताब्दीने चार तासांत दिल्लीला उतरा, तिथल्या बंदीच्या मापात तो बसतच नाही. उलट केंद्राच्या नियमांना जोडलेल्या परिशिष्टात हत्यारांच्या पाचव्या वर्गात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. तीन, सहा, नऊ. शाळेतला तीनचा पाढा आठवतो.

दिल्लीच्या त्या अधिसूचनेत आणखी एक मेख आहे. ती असे चाकू बनवणं, विकणं आणि विक्रीसाठी बाळगणं याबद्दल बोलते. कित्येक वर्षं पोलीस खिशात चाकू सापडला की तीच लावत आले. अखेर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा एका प्रकरणात, चाकू विक्रीसाठी होता असा आरोपपत्रात शब्दही नाही, हे पाहून खटला रद्द केला. पंचेचाळीस वर्षांनी कोणीतरी कागद नीट वाचला म्हणायचं.

माप आलं की मोजणं आलं, आणि मोजणं कसं होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. जप्तीच्या पंचनाम्यात चाकू कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेन फिरवतात आणि खाका काढतात. शेजारी लिहितात, 'लंबाई इतनी, मूठ इतनी.' एका प्रकरणात माझ्या हातात असा खाका होता ज्यात मुठीसकट साडेदहा इंच लिहिलं होतं, पात्याची लांबी वेगळी नव्हतीच आणि रुंदीचा तर पत्ताच नव्हता. साक्षीदार हवालदाराला विचारलं, पट्टी कुठली वापरली? तो म्हणाला, पट्टी नव्हती, बोटांनी मोजलं. कोणाची बोटं? यावर कोर्टात हशा पिकला, पण पोरगा तोवर दोन महिने आत बसून आला होता. माप पात्याचं लागतं, मुठीचं नाही. सगळा गुन्हा त्या अर्ध्या इंचावर उभा असतो आणि तो अर्धा इंच बोटाने मोजलेला असतो.

आणि स्वयंपाकघरातल्या सुरीचं काय? तिथे कायद्याने एक शहाणपणाची गोष्ट केलीय. 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतूनच निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी केलेल्या वस्तू वगळल्यात, आणि उदाहरण दिलंय लाठीचं आणि साध्या हातकाठीचं. म्हणून विळी, कुऱ्हाड, कोयता हे मुळात शस्त्रच नव्हे. पण हे कागदावर. पुण्यात कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांमुळे २०२३च्या सुरुवातीला पोलिसांनी कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड पाहायला सांगितलं. ऊस तोडायचं अवजार, पण विकत घ्यायला ओळखपत्र. मला यात पोलिसांची चूक वाटत नाही, त्यांच्यासमोर खरा प्रश्न होता. पण हाच कोयता पुण्यापासून दोनशे किलोमीटरवर आठवडी बाजारात लसणाच्या ढिगाशेजारी मिळतो, हेही खरं.

पुतण्याच्या केकवाल्या पोराला उचललं ते बहुधा नुसत्या शस्त्र कायद्याने नव्हे. महाराष्ट्रात पोलिसांच्या हातात दुसरं एक जुनं पुस्तक आहे, १९५१चा मुंबई पोलीस अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठराविक काळापुरता आदेश काढून तलवारी, भाले, चाकू, सोटे, काठ्या, लाठ्या बरोबर बाळगायला बंदी करू शकतात, आणि आदेश मोडला की कलम १३५. वर्तमानपत्रात 'शहरात ३७ (१) (३) लागू' अशी बातमी येते ती हीच. गंमत पाहा, केंद्राचा कायदा ज्या लाठीला शस्त्र मानायला तयार नाही, तीच लाठी या आदेशात येते. हेच पुस्तक वडोदऱ्यालाही आहे, कारण १९६० पर्यंत गुजरात आणि महाराष्ट्र एकाच मुंबई राज्यात होते. वाटणी झाली तेव्हा पोलीस कायदा दोघांनी घेतला. ग्वाल्हेर त्या राज्यात कधीच नव्हतं. आमच्याकडे असा आदेश काढायचा तर कलेक्टरसाहेब भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे पूर्वीच्या १४४ खाली काढतात, आणि त्याचं आयुष्य साधारण दोन महिन्यांचं. एकच तलवार, पण पुण्यात एका कायद्याखाली अडकते, वडोदऱ्यात त्याच्याच गुजराती भावंडाखाली आणि ग्वाल्हेरात तिसऱ्याच कागदाखाली.

आता सवलतींचं पान. कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे सरकार काही लोकांना, काही हत्यारांना किंवा काही भागांना कायद्यातून सूट देऊ शकतं. शीखांचं कृपाण सगळ्यांना माहीत असतं. त्याला तर घटनेच्या कलम २५च्या स्पष्टीकरणातच जागा आहे. गुरख्यांच्या खुकरीचाही असाच विचार झालेला आहे. पण सगळ्यात मोठी सूट कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात, म्हणजे कूर्गमध्ये आहे. तिथल्या कोडवा समाजाच्या माणसाला आणि जम्मा नावाच्या जुन्या वहिवाटीची जमीन धारण करणाऱ्याला बंदुकीसाठी परवानाच घ्यावा लागत नाही, सवलतीचा दाखला पुरतो. सूट इंग्रजांच्या काळची, १८६१ पासूनची. २०१९ मध्ये केंद्राने ती ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली. तिला आव्हान मिळालं तेव्हा कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती कायम ठेवली. कोडवा लोक कैलपोद नावाच्या सणाला बंदुकांना फुलं वाहतात. आमची खंडेनवमीच की, फक्त पाटावर पेचकसाऐवजी बंदूक, आणि तीही बिनपरवान्याची. मला ही सूट खटकत नाही. कागदावर स्पष्ट लिहिलीय, मुदत घातलीय, न्यायालयाने तपासलीय. कोणाला, का आणि कधीपर्यंत हे जिथे लिहिलेलं असतं तिथे फरक असला तरी माणूस फसत नाही.

फसतो तो टेबलावर. बंदुकीचा परवाना द्यायचा की नाही, हे कलम १३ आणि १४ मध्ये आहे. अर्ज करा, ठाण्याचा अहवाल येईल, 'योग्य कारण' दिसलं तर परवाना मिळेल. सार्वजनिक शांततेला धोका वाटला तर नाकारला जाईल. तुमच्याकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून नाकारायचा नाही, असंही कायदा बजावतो. पण योग्य कारण म्हणजे काय, हे अधिकाऱ्याने ठरवायचं. आणि अधिकारीही सगळीकडे एक नाही. मुंबई, पुणे, वडोदरा अशा आयुक्तालयाच्या शहरांत परवाना पोलीस आयुक्तांकडे. म्हणजे चौकशी पोलिसांची आणि निर्णयही पोलिसांचाच. ग्वाल्हेरात चौकशी पोलिसांची, पण सही कलेक्टरची.

त्या सहीचा एक किस्सा इथे घरोघरी माहीत आहे. २०१९ मध्ये आमच्याकडे परवाना मागणाऱ्यांना सांगण्यात आलं की आधी दहा झाडं लावा, त्यांच्याबरोबर सेल्फी काढा आणि अर्जाला जोडा. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात गोशाळेला दहा घोंगड्या द्या असं ठरलं. त्याआधी २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य मिळालं होतं. झाडं चांगली, गाईला थंडी वाजू नये हेही चांगलं. पण शस्त्र अधिनियमाच्या कुठल्या कलमात घोंगडी आहे ते मी अजून शोधतोय. आणि एक गोष्ट यातून दिसते: चंबळच्या काठावर बंदुकीची हाव इतकी आहे की तिच्या बदल्यात माणूस काहीही करेल, हे प्रशासनाला पक्कं ठाऊक होतं.

ही हाव आकड्यांत दिसते. २०१६च्या अखेरीस देशात साधारण ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यातले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात, मध्य प्रदेशात २ लाख ४७ हजार, महाराष्ट्रात अवघे ८४ हजार आणि तमिळनाडूत साडेबावीस हजार. २०११च्या जनगणनेची लोकसंख्या घेऊन भागाकार केला, तर मध्य प्रदेशात सुमारे तीनशे माणसांमागे एक परवाना, महाराष्ट्रात साडेतेराशेंमागे एक आणि तमिळनाडूत बत्तीसशेंमागे एक. तमिळ माणसाच्या जिवाला धोका आमच्या दहाव्या हिश्श्याने आहे, असं थोडंच आहे? कलम १३ दोन्हीकडे तेच.

जम्मू-काश्मीरचा हिशेब सगळ्यात चमत्कारिक. तिथे चौतीस माणसांमागे एक परवाना निघतो. त्याचं एक कारण नंतर उजेडात आलं. राजस्थान पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने २०१७ मध्ये धागा पकडला, पुढे तपास सीबीआयकडे गेला, आणि २०१२ ते २०१६ या काळात तिथून २ लाख ७८ हजार परवाने नियम डावलून दिले गेले, त्यांतले कित्येक बाहेरच्या राज्यांतल्या लोकांना, असा आरोप सीबीआयने ठेवला. जिथे दार सैल तिथून आत शिरायचं आणि बंदूक घेऊन आपल्या गावी यायचं. सगळीकडे दार सारखंच असतं तर हा धंदा चाललाच नसता.

दार वेगळं असण्याचा ताप मामांनी भोगलाय. ग्वाल्हेरच्याच मुरार भागात राहायचे, बारा बोरची दुनळी, परवाना चाळीस वर्षांचा, कधी एक काडतूस वाया घालवलं नाही. निवृत्तीनंतर मुलाकडे महाराष्ट्रात राहायला गेले. परवान्यावर क्षेत्राचा एक रकाना असतो; त्याच्या बाहेर हत्यार न्यायचं तर आधी परवानगी, आणि मुक्काम हलवला तर नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्याला कळवून नोंद करून घ्यायची. इथल्या कार्यालयाने सांगितलं तिकडून पत्र आणा, तिकडच्याने सांगितलं इथून हरकत नसल्याचा दाखला आणा. मध्ये वर्ष गेलं. तोवर दुनळी इथल्या परवानाधारक डीलरकडे जमा, त्याचं भाडं वेगळं. शेवटी तिकडच्या साहेबांनी मामांना विचारलं, "आजोबा, इथे कशाला हवी बंदूक?" मामा म्हणाले, "चाळीस वर्षांपूर्वी ग्वाल्हेरच्या साहेबांनी उलट विचारलं होतं, एकच घेताय?" तेव्हा एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या. २०१९च्या दुरुस्तीने तीनाच्या दोन केल्या आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. ही मात्र देशभर एकाच दिवशी लागू झाली. लग्नात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही त्याच दुरुस्तीतलं. आमच्याकडच्या वरातींना ही बातमी अजून नीट पोचलेली नाही.

निवडणूक आली की आणखी एक फरक. आचारसंहिता लागली की आमच्या भागात सरसकट सगळे परवाने निलंबित होतात आणि ठाण्यासमोर बंदुका जमा करणाऱ्यांची रांग लागते; खांद्यावर दुनळी, हातात पावतीसाठी झेरॉक्स. निवडणूक आयोगाची अपेक्षा अशी असते की छाननी समितीने एकेकाचं प्रकरण पाहून ठरवावं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर सरसकट आदेशाने सगळ्यांची हत्यारं जमा करून घेता येत नाहीत, असं पुन्हा पुन्हा सांगितलंय, २०२४ मध्येही. म्हणजे चंबळ ओलांडून उत्तर प्रदेशात गेलं की तुमच्या बाजूने दाखवायला निकाल आहे, आमच्या काठाला आहे ती रांग. आता भिंड-मुरैनाची निवडणूक पाहिलेला माणूस त्या रांगेला नावं ठेवणार नाही, मीही ठेवत नाही. पण बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहून पोट भरणारा रक्षक त्याच रांगेत असतो, आणि प्रत्येक वेळी त्याला स्वतंत्र अर्ज करून सुटका मागावी लागते.

हे सगळं ऐकून पुतण्या म्हणाला, "म्हणजे आपल्या तलवारीचं काय ते सांगाच." आतून शिवणाची टेप आणली. मूठ सोडून पातं मोजलं, एकोणतीस इंच. आमच्या अधिसूचनेत शब्द आहेत सार्वजनिक ठिकाणी. देवघर हे काही सार्वजनिक ठिकाण नाही. संध्याकाळी गल्लीतल्या पोरांची दसऱ्याची मिरवणूक निघणार होती आणि त्याला ती कमरेला लावून जायची हौस होती. म्यानात ठेवतो म्हणाला. मी त्याला सांगितलं, पंचनाम्यात म्यान लिहितच नाहीत. मग तो कुदळ खांद्यावर टाकून गेला.